दिवाळे, अब्रू आणि कायदा



वसंताच्या दिवसांत, आंब्यामोगऱ्याचा दरवळ सुटलेला असताना, दिवाळ्यावर व्याख्यान ठेवावे हे काहींना अशुभ वाटेल. आपल्याकडे आजाराची चर्चा ओसरीवर चालते. कर्जाची मात्र स्वयंपाकघरातही दार लोटून करतात. पण या विषयाचे व्याख्यानमालेशी नाते जुने आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली सुरू केली. त्याच वर्षी मे महिन्याच्या १२ तारखेला आपल्याच जिल्ह्यातील सुपे गावी कर्जबाजारी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांचा रोख माणसे मारण्यावर नव्हता; तो होता कर्जरोख्यांवर. रोखे आणि वह्या हाती घ्यायच्या आणि जाळून टाकायच्या, हा त्या दंग्यांचा मुख्य कार्यक्रम होता.

त्या दंग्यांच्या चौकशीतून १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा आला आणि तो पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालता येणार नाही, असे त्या कायद्याने ठरविले. त्याचबरोबर शेतकऱ्याने स्वतः न्यायालयात जाऊन आपणास नादार ठरवून घ्यावे, अशीही सोय केली. सुप्याच्या शेतकऱ्याला रोखा जाळून जे हवे होते, ते म्हणजे न संपणाऱ्या देण्याचा शेवट, ते मागण्याची एक सरळ वाट सरकारने या सोयीने दाखविली. ही वाट आज कोठवर आली आहे, तिच्यावरून कोणाला जाता येते, आणि ती कोठे खचली आहे, हे आज आपण पाहू.

प्रथम शब्द पाहू. जुन्या बाजारपेठांत ज्या व्यापाऱ्याचे देणे फिटेना तो भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे, आणि ‘दिवाळे’ हा शब्द त्यावरूनच आला, असे सांगतात. व्युत्पत्तीचा निवाडा आम्ही पंडितांवर सोपवितो. पण या कथेतला अर्थ लक्षात ठेवण्यासारखा आहे. दिवा लावणारा पळून जात नव्हता. तो आपली अवस्था सगळ्यांना दिसेल अशी मांडीत होता. कायद्याचा शब्द आहे ‘नादारी’. फसविणारा म्हणजे नादार नव्हे. ज्याच्याजवळ देणे फेडण्याइतके नाही तो नादार. व्यवहारात आपण या दोघांना एकाच नावाने हिणवतो, आणि त्यामुळे प्रामाणिक माणूस शरमेने अशा गोष्टी करून बसतो की शेवटी तो खरोखरच लबाडांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. आजच्या व्याख्यानाचे सार म्हणाल तर एवढेच.

आता कायद्याकडे वळू. २०१६ साली संसदेने नादारी व दिवाळखोरी संहिता केली, आणि वर्तमानपत्रांत दिवाळखोरीची जी बातमी येते ती बहुधा याच संहितेखालची, म्हणजे कंपन्यांची असते. धायरीकरांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. आपल्या परिसरातील ‘डीएसके विश्व’ ही वसाहत ज्या समूहाच्या नावाने ओळखली जाते, त्यातील डी. एस. कुलकर्णी डेव्हलपर्स या कंपनीचे प्रकरण २०१९ साली मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतले, आणि २०२३ साली कंपनीसाठी दुसऱ्या बांधकाम व्यावसायिकांनी दिलेली योजना मंजूर झाली. बँका, ठेवीदार, घरे घेणारे अशा सर्वांचे दावे त्यात होते. आणि ठेवीदारांच्या तक्रारींवरून फौजदारी खटलेही निराळे उभे राहिले. या प्रकरणामुळे अनेक घरांत दिवाळखोरी हा शब्द पहिल्यांदा शिरला. पण त्यातून एक गैरसमजही पसरला, की माणसाचे दिवाळेही याच न्यायाधिकरणात, याच रीतीने निघते. तसे नाही.

कंपनी ही कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असते. तिचे देणे ते तिचे. भागधारकाच्या घरातील भांड्यांपर्यंत ते पोचत नाही. परंतु आपल्या धायरी-नऱ्हे भागात जी शेकडो छोटी वर्कशॉपे, दुकाने आणि गोदामे आहेत, त्यांपैकी पुष्कळ एकट्याच्या मालकीची किंवा भागीदारीची असतात. तेथे धंद्याचे देणे म्हणजे मालकाचेच देणे. अशा माणसांसाठी नव्या संहितेत तिसरा भाग लिहिलेला आहे. पण २०१६ नंतर इतकी वर्षे लोटली तरी तो सामान्य माणसाला लागू झालेला नाही. १ डिसेंबर २०१९ पासून तो केवळ एका वर्गाला लागू झाला: ज्यांनी कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन दिला आहे त्यांना. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये ही व्यवस्था वैध ठरविली. तेव्हा ‘कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, मला काय भीती’ असे म्हणणाऱ्या संचालकाने बँकेच्या कागदांवर जामीन म्हणून आपली सही आहे काय, हे आज घरी गेल्यावर पाहावे.

बाकी सर्वांना लागू आहे तो प्रांतिक नादारी कायदा, १९२० सालचा. मुंबई शहरासाठी त्याहून जुना, १९०९ चा कायदा आहे. स्वातंत्र्य आले, रुपयाचे आणे जाऊन पैसे झाले, पण पुणेकर नादार शंभर वर्षांपूर्वीच्याच दारातून आत जातो.

विषय डोळ्यांसमोर यावा म्हणून एक गृहस्थ कल्पू. धायरीत त्यांचे लेथ मशिनचे लहानसे वर्कशॉप आहे, दोन कामगार आहेत. मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे बुडविले आणि धंदा बसला. देणे असे: राहता फ्लॅट तारण ठेवून घेतलेले बँकेचे ३० लाख, लोखंडाच्या व्यापाऱ्याचे ८ लाख, नातेवाइकांचे ५ लाख, वस्तू व सेवा कराची बाकी २ लाख, आणि निकड भागविण्यासाठी एका बिनपरवाना सावकाराकडून घेतलेले ३ लाख. या गृहस्थांना नादारीचा अर्ज करता येईल काय?

येईल. देणे फेडण्यास आपण असमर्थ आहोत आणि देणे ५०० रुपये किंवा अधिक आहे, एवढे दाखविले की अर्जाचा हक्क मिळतो. पैशाच्या हुकूमनाम्यापायी अटक झाली असेल, किंवा मालमत्तेवर जप्ती चालू असेल, तरीही मिळतो. अर्ज जिल्हा न्यायालयाकडे, किंवा शासनाने ज्यास अधिकार दिले आहेत अशा दुय्यम न्यायालयाकडे करायचा. पुण्यात म्हणजे शिवाजीनगरच्या न्यायालयात. धनकोही असा अर्ज करू शकतो. मात्र ऋणकोकडून नादारीचे एखादे कृत्य घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. ही कृत्ये कायद्यात सांगितली आहेत. देणे थांबविल्याची धनकोंना सूचना देणे हे त्यांपैकी एक. धनकोंना चुकविण्यासाठी घर सोडून नाहीसे होणे हे दुसरे. म्हणजे ‘काही दिवस गावाकडे जाऊन राहा’ हा जो सल्ला आपण हितचिंतक म्हणून देतो, तोच धनकोच्या हाती अर्जाचे कारण देतो.

अर्जात काय लिहायचे? प्रत्येक धनकोचे नाव, पत्ता व रक्कम. आपली सगळी मालमत्ता, ती कोठे आहे आणि तिची किंमत काय. पूर्वी कधी असा अर्ज केला होता काय. आणि ही सर्व मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करण्यास आपण तयार आहोत, असे निवेदन. एकदा दिलेला अर्ज न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही. हिशेबाच्या वह्या हजर कराव्या लागतात. धनकोंना सूचना जाते, सुनावणी होते, आणि न्यायालयाची खात्री पटली की नादार ठरविल्याचा हुकूम निघतो. त्याच हुकूमात, किती मुदतीत ऋणमुक्तीसाठी अर्ज करावयाचा, तेही सांगितलेले असते. ही मुदत कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवावी. ती चुकली तर हुकूम रद्द होतो आणि सारे मुसळ केरात.

हुकूमाचा परिणाम दुहेरी आहे. एका बाजूने गृहस्थांची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि ऋणमुक्तीपर्यंत नवी मिळेल तीही त्यात पडते. दुसऱ्या बाजूने, ज्यांचे देणे या कार्यवाहीत सिद्ध करता येते अशा कोणाही बिनतारणी धनकोस न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्यांच्यावर दावा किंवा जप्ती आणता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा हुकूमही मागता येतो. दहा जण दहा दिशांनी ओढत होते, ते एका मेजाभोवती बसविले जातात आणि जे आहे ते प्रमाणात वाटले जाते.

आणि सर्वच जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेने जे जप्तीबाहेर ठेवले आहे ते नादारीतही बाहेरच राहते: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माच्या रूढीप्रमाणे स्त्रीने अंगावेगळा करू नये असा दागिना, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, बैल व बियाणे, भविष्यनिर्वाह निधी, आणि पगारातील पहिले १,००० रुपये व उरलेल्याचे दोन-तृतीयांश. आमच्या गृहस्थांची हातातली हत्यारे वाचतील. लेथ मशिन वाचेलच असे मात्र नाही.

आता त्यांची देणी एकेक घेऊ. बँकेजवळ तारण आहे; नादारीचा हुकूम तिचा हात धरीत नाही. २००२ च्या कायद्याप्रमाणे ६० दिवसांची नोटीस देऊन ती फ्लॅट ताब्यात घेऊन विकू शकते. म्हणून नादारीच्या अर्जाने घर वाचेल, ही आशा कोणी धरू नये. विक्रीतून न भागलेली रक्कम बँक इतरांबरोबर रांगेत मागेल. व्यापारी आणि नातेवाईक एकाच पंक्तीला बसतील. सख्ख्या मेहुण्याला वेगळे ताट नाही. कराची बाकी सरकारचे देणे असल्याने तिला वाटपात अग्रक्रम आहे, आणि ऋणमुक्तीनंतरही ती सुटत नाही. फसवणुकीने केलेले देणे आणि बायकामुलांच्या पोटगीचा हुकूम हेही सुटत नाहीत. चेक न वटल्याचा फौजदारी खटला नादारीने आपोआप मिटत नाही. आणि या गृहस्थांसाठी कोणी जामीन राहिला असेल, तर त्याची जबाबदारी जशीच्या तशी उभी राहते. उरला सावकार. ज्याच्याजवळ कर्ज देतेवेळी परवाना नव्हता अशाच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा देत नाही. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते; आणि सावकारीत बळकावलेली स्थावर मिळकत परत देवविण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला आहे. बहुतेक घरांत उलट घडते. ज्याचा हक्क सर्वांत दुबळा त्याची भीती सर्वांत मोठी, म्हणून हप्ते चुकवून त्याचेच पैसे आधी दिले जातात.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. बुडत्या माणसाला आप्तेष्ट दोन सल्ले हमखास देतात. पहिला, ‘जे आहे ते बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करून टाक.’ दुसरा, ‘बाहेरच्यांचे राहू दे, घरच्यांचे आधी फेड.’ कायदा या दोन्ही वाटांवर पहारा ठेवून आहे. मोबदला न घेता केलेले हस्तांतर दोन वर्षांच्या आत नादार ठरल्यास रिसीव्हरविरुद्ध टिकत नाही. एका धनकोला इतरांहून झुकते माप देण्याच्या हेतूने केलेली फेड, तीन महिन्यांच्या आत अर्ज झाल्यास मोडली जाते. मालमत्ता दडविणे किंवा वह्यांत खाडाखोड करणे याला एक वर्षापर्यंत कैद आहे. म्हणजे फ्लॅट तर जातोच, वर बायकोलाही न्यायालयात उभे राहावे लागते. ज्या कायद्याने आपणास पाठीशी घालायचे, त्याच्याच समोर आपण आरोपी होऊन बसतो. सर्व उघड करशील तर संरक्षण देईन, असा या कायद्याचा करार आहे; आणि ज्याने आधीच लपवाछपवी केली त्याच्याजवळ या करारात घालण्यास काहीच उरत नाही.

ऋणमुक्तीच्या वेळी हाच हिशेब पुन्हा होतो. रुपयास ५० पैसे, म्हणजे जुने आठ आणे, देता येतील इतकी मालमत्ताही का उरली नाही? ती परिस्थितीने गेली की उधळपट्टीने, जुगाराने, सट्ट्याने? वह्या ठेवल्या होत्या काय? आपण बुडालो हे कळल्यावरही उधारीने धंदा चालविला काय? उत्तरे वाईट असतील तर पूर्ण मुक्ती मिळत नाही. ती लांबते किंवा तिला अटी लागतात. तोवर नादाराला आपली स्थिती न सांगता ५० रुपयांचीही उधारी करता येत नाही; केल्यास तो गुन्हा आहे. राज्यघटनेप्रमाणे ऋणमुक्त न झालेला नादार विधानसभेचा वा संसदेचा सभासद होऊ शकत नाही. हे निर्बंध खरे आहेत. पण ऋणमुक्तीबरोबर ते संपतात, हेही तितकेच खरे आहे.

या कायद्याची स्तुती करून आम्ही थांबलो तर ते अर्धसत्य होईल. ५०० रुपयांची अट १९२० साली मोठी होती. आज तिला अर्थ उरलेला नाही. आमच्या गृहस्थांच्या दोन कामगारांचे पगार थकले असतील, तर चार महिन्यांच्या थकबाकीपैकी प्रत्येकी २० रुपयांपुरताच त्यांना अग्रक्रम आहे! वीस रुपयांत आज चहा आणि वडापावसुद्धा भागत नाही. नव्या संहितेच्या तिसऱ्या भागात गरिबांसाठी ‘नवी सुरुवात’ नावाची सोय लिहिली आहे: वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, अशी देणी ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नसावे. या मर्यादा इतक्या आखूड आहेत की पुण्यातील धुणीभांडी करणारी बाईही कदाचित त्यांच्या बाहेर पडेल. आणि तरीही ती सोय अजून कागदावरच आहे. मोठ्या कंपनीचे देणे मिटविण्यास न्यायाधिकरण आहे, मुदती आहेत, तज्ज्ञ आहेत. लेथवाल्याला मात्र शंभर वर्षांपूर्वीचा कागद. हा भेद लोकप्रतिनिधींपुढे मांडण्याचे काम तुमच्याआमच्यासारख्या श्रोत्यांचे आहे.

पण कायदा सुधारेपर्यंत माणसे थांबू शकत नाहीत. म्हणून तीन भीतींचे उत्तर देऊन आम्ही व्याख्यान आवरते घेतो.

पहिली भीती तुरुंगाची. वसुलीवाले फोनवर हीच घालतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली बँक ऑफ कोचीनच्या खटल्यात निःसंदिग्ध सांगितले आहे की, केवळ फेडता येत नाही म्हणून कोणास दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. फेडण्याची ऐपत असून बुडविण्याची दुष्ट बुद्धी दिसली पाहिजे.

दुसरी भीती मुलांची. ‘माझे कर्ज पोराच्या डोक्यावर बसेल’ या विचाराने कित्येकांच्या झोपा उडतात. पित्याचे ऋण फेडणे हे हिंदू पुत्राचे धार्मिक कर्तव्य, या आधारावर पूर्वी मुलांवर दावे चालत. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली, आणि त्यानंतरच्या कर्जांना तो आधार राहिलेला नाही. वारसाने जे वारशाने घेतले तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. स्वतःच्या कमाईतून नव्हे. अर्थात मुलाची जामीन म्हणून सही असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून बुडत्या कर्जाला घरातील आणखी एक सही जोडू नये.

तिसरी भीती अब्रूची, आणि तिला कोणत्याही न्यायालयाचा हुकूम पुरत नाही. तिचा इलाज शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती आहे. धायरीचा राहिलेला भाग २०१७ साली महापालिकेत आला. पण गावपण अजून शिल्लक आहे, आणि गावात बातमी लवकर फिरते. ज्या घरात कर्जाची बातमी फुटली, त्या घरी आपण चौकशीला जातो की तोंड चुकवून जातो, यावर पुष्कळ अवलंबून असते. एकट्या पडलेल्या माणसाच्या मनात कर्जाहून काळे विचार येतात. हे आपण सारे जाणतो. उच्चारीत नाही इतकेच.

ज्याच्यावर वेळ आली असेल त्याने एक कोरी वही घ्यावी. डाव्या पानावर सगळी देणी, उजव्या पानावर सगळी येणी आणि मालमत्ता लिहावी, घरच्यांना दाखवावी, आणि मग ती घेऊन वकिलाकडे जावे. वकिलाची फी देणे शक्य नसेल तर शिवाजीनगरच्या न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना तेथे मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. वही पाहून कदाचित नादारीची गरजच नाही असे निघेल. बँकेशी हप्त्यांची फेरमांडणी होईल, धनकोंशी तडजोड होईल. नादारीच्या कायद्यातही अशा तडजोडीला जागा आहे. मात्र ही वही नवे कर्ज काढून जुने फेडण्याच्या आधी लिहिली पाहिजे, आणि घराची कागदपत्रे हलविण्याच्या आधी लिहिली पाहिजे.

सुप्याच्या शेतकऱ्यांनी वह्या जाळल्या, कारण त्या वह्या दुसऱ्याने लिहिलेल्या होत्या आणि त्यांत काय आहे हे त्यांना वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येते आणि लिहिताही येते. आपला हिशेब आपण स्वतःच लिहावा आणि वेळीच चारचौघांपुढे मांडावा, एवढीच आमची विनंती आहे.